सहकुटुंब परदेशी, वन्यजीवांच्या कामासाठी: स्वयंसेवेच्या सहलीची तयारी टप्प्याटप्प्याने

मुलांना घेऊन परदेशात वन्यजीव संवर्धनाच्या कामाला जायचं, असा विषय घरात निघाला की मुलांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच चित्र येतं: मांडीवर सिंहाचा छावा आणि हातात दुधाची बाटली. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. जिथे जंगली प्राण्याला कुरवाळायला, कडेवर घ्यायला, आंघोळ घालायला मिळतं, तिथे मुलांना नेऊ नका. जिथे काम चिकाटीचं आहे आणि प्राणी लांबूनच दिसतात किंवा काही दिवस दिसतही नाहीत, तिथे न्या. पुढची सगळी तयारी या एका निर्णयावर उभी आहे. असं काम मुलांना कंटाळवाणं वाटेल ही भीती मोठ्यांना असते. पण आपली नोंद खरोखर कोणाला तरी हवी आहे हे कळलं, की मुलं किती मन लावून काम करतात हे पाहण्यासारखं असतं.

वर्षभर आधी: घरच्यांचा अंदाज घ्या

प्रकल्प शोधण्याआधी कोण कोण जाणार आहे ते नीट पाहा. बऱ्याच प्रकल्पांत स्वयंसेवकाचं किमान वय १८ असतं. पालक सोबत असतील तर काही संस्था त्याहून लहान मुलांनाही घेतात. कुटुंबांसाठी आखलेल्या तुकड्या मात्र मोजक्याच असतात आणि त्यांतल्या जागा लवकर भरतात. म्हणून चौकशी वर्षभर आधी सुरू झालेली बरी.

वयाच्या अटीत सवलत मागावीशी वाटते. मागू नका, कारण या अटींमागे बहुधा ठोस कारण असतं. रवांडा आणि युगांडात डोंगरी गोरिलांजवळ जायला १५ वर्षं पूर्ण असावी लागतात. गोरिला आपले इतके जवळचे नातलग आहेत, की आपली साधी सर्दीही त्यांना लागते आणि कळपाच्या जिवावर बेतू शकते. लहान मुलं तर वर्षातले कितीतरी दिवस सर्दी-खोकल्यात काढतात. अट मुलासाठी नाही, गोरिलासाठी आहे, हे मुलांना असंच समजावून सांगा. त्यांना ते पटतं.

वयाइतकाच स्वभावही महत्त्वाचा. मूल अर्धा तास न बोलता एका जागी बसू शकतं का? अंधाराची भीती किती आहे? रोजची झोप मोडली की चिडचिड होते का? ठरलेल्या दोन-चार पदार्थांपलीकडे काही खातं का? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून सहल रद्द करायची गरज नाही, पण काम त्या बेतानं निवडावं लागतं. रात्रीची गस्त जमणार नसेल, तर दिवसा पक्षी मोजण्याचं काम घ्या. दोन भावंडांत वयाचं अंतर जास्त असेल, तर एक पालक मोठ्याबरोबर कामावर आणि दुसरा धाकट्याजवळ मुक्कामावर, अशी पाळी लावण्याची तयारी ठेवा. ही वाटणी घरीच ठरवून घ्या. दमलेल्या अवस्थेत, परक्या जागी ती ठरवायला गेलात तर वाद होतात.

एक रंगीत तालीम घरबसल्या करता येते. ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर जगभरातल्या कॅमेरा ट्रॅपांचे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे, फोटो ओळखण्याचं काम कोणालाही करता येतं. टांझानियातल्या सेरेंगेटीत २२५ कॅमेरे लावून सुरू केलेल्या प्रकल्पात २८ हजारांवर स्वयंसेवकांनी असे फोटो ओळखले. एकच फोटो अनेकांना दाखवून त्यांची मतं जुळवली, तेव्हा प्राण्याची ओळख तज्ज्ञांच्या उत्तराशी सुमारे ९७ टक्के वेळा जुळली. मुलांना हे आधी सांगा आणि मग महिनाभर रोज थोडे फोटो ओळखायला बसवा. नुसत्या हलणाऱ्या गवताच्या फोटोंमागून फोटो येतात आणि मग एकदम एखादा तरस दिसतो. एवढ्यात मूल कंटाळलं, तर प्रत्यक्ष जंगलातही कंटाळेल, हे आधीच कळून येतं.

काम निवडा, देश नंतर

बरेच जण आधी देश ठरवतात आणि मग तिथे काय करता येईल ते शोधतात. उलट करा. मुलांच्या वयाला आणि तुमच्या अंगाला झेपेल असं काम आधी ठरवा.

समुद्री कासवांचे किनारे कुटुंबांसाठी चांगले. किनाऱ्यावर चालणं, घरटी मोजणं, कचरा उचलणं, उबवणीच्या कुंपणावर पहारा देणं, अशी वेगवेगळ्या वयांना जमणारी कामं तिथे असतात. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरव्या कासवांचा अभ्यास १९५० च्या दशकापासून अखंड चालू आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेली ‘सी टर्टल कन्झर्व्हन्सी’ तिथे काम करते. इतक्या लांबलचक नोंदवहीत आपल्या मुलानं लिहिलेल्या चार ओळी जाणार, ही साधी गोष्ट नाही.

शेती आणि वन्यप्राणी यांच्यातला तंटा कमी करण्याची कामं मला फार मोलाची वाटतात, पण त्यांकडे फारसं कोणी वळत नाही. नामिबियातल्या दमारालँड भागात वाळवंटी हत्ती पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या टाक्या आणि पंप मोडतात. ‘एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड’ ही संस्था स्वयंसेवकांकडून त्याभोवती दगडी भिंती बांधून घेते. दगड वाहायचे, सिमेंट कालवायचं, घाम गाळायचा. नंतरच्या दिवसांत हत्तींच्या मागावर जाऊन त्यांच्या नोंदी घ्यायच्या. हत्तीला वाचवायचं तर आधी शेतकऱ्याचं पाणी वाचवावं लागतं, हे त्या भिंतीपाशी मुलांना आपोआप कळतं.

पोहता येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी सागरी प्रकल्प आहेत. देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे पांढरे-काळे पट्टे, मँटा रे या चपट्या, मोठ्या माशाच्या पोटावरचे डाग, व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके, हे सगळं प्रत्येक प्राण्याचं वेगळं असतं आणि फोटोवरून तो प्राणी ओळखता येतो. व्हेल शार्कचे ठिपके जुळवण्याची पद्धत तर खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांचे नकाशे जुळवायला वापरत त्या गणितावरून २००५ मध्ये बेतली गेली. इथे स्वयंसेवकानं काढलेला स्पष्ट फोटो हीच मदत. मात्र बोट लागणाऱ्या मुलाला अशा प्रकल्पावर नेणं म्हणजे त्याच्यावर आणि तुमच्यावरही अन्याय.

याखेरीज परक्या वनस्पती उपटणं, तारेचे फासे शोधून काढणं, रोपवाटिकेत काम करणं, पक्ष्यांची गणना करणं, अशी कामं पुष्कळ ठिकाणी असतात. न्यूझीलंडने २०५० पर्यंत उंदीर, स्टोट (मुंगसासारखा लहान शिकारी प्राणी) आणि पॉसम (झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) हटवण्याचं ध्येय २०१६ मध्ये जाहीर केलं. तिथे शाईच्या पट्टीवरून उमटलेली पावलं पाहून कोणता प्राणी येऊन गेला ते ओळखतात. दहा वर्षांच्या मुलालाही ते शिकवता येतं. पण तिथल्या पक्ष्यांना वाचवण्यासाठी हे परके प्राणी मारले जातात, हे मुलांना आधी सांगायला हवं. तिथे गेल्यावर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

संस्था पारखणं: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

या क्षेत्रात चांगल्या संस्था आहेत, तशी उघड फसवणूकही आहे. तिचा बळी आधी प्राणी ठरतो आणि मग तुमच्या मुलाचा चांगुलपणा.

सिंहाच्या छाव्यांचंच पाहा. जंगलात छावे सुमारे दोन वर्षं आईजवळ राहतात. दक्षिण आफ्रिकेतल्या काही प्रजनन केंद्रांत ते जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईपासून तोडले जात. मादी लवकर पुन्हा माजावर यावी आणि छावे पाहुण्यांच्या मांडीवर देता यावेत, हा त्यामागचा हिशेब. ‘अनाथ पिल्लांना वाढवायला मदत करा’ म्हणून स्वयंसेवकांकडून पैसे घेतले जात. पिल्लू मोठं झालं की त्याचं काय होई? माणसाला सरावलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. त्यातले कितीतरी कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी गेले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं पिंजऱ्यातलं सिंहांचं प्रजनन थांबवण्याच्या दिशेनं जाण्याचं जाहीर केलं. थायलंडमध्ये कांचनाबुरीच्या वाघांच्या मठातून २०१६ मध्ये १३७ वाघ हलवण्यात आले, तेव्हा शीतपेटीत ४० मेलेले बछडे सापडले. तोवर लोक तिथे वाघांशेजारी बसून फोटो काढून घेत होते आणि त्यातल्या बहुतेकांचं प्राण्यांवर प्रेमच असणार.

कासवांच्या नावानंही असं चालतं. अंड्यांतून बाहेर आल्यावर पिल्लं पहिल्या दिवस-रात्रभर जोरानं पोहत किनाऱ्यापासून लांब जातात. त्यासाठी लागणारी ताकद त्यांच्याकडे बेताचीच असते. पाहुण्यांच्या सोयीनं दुपारी ‘सोडण्याचा कार्यक्रम’ करायला ती टबात साठवून ठेवली, तर ती ताकद टबातच संपते. म्हणून पिल्लं कधी आणि कशी सोडता, हा प्रश्न कासव प्रकल्पाला जरूर विचारा.

संस्थेला पत्र लिहून पुढच्या गोष्टी विचारा. उत्तरं लेखी घ्या.

- स्वयंसेवक प्राण्यांना हात लावतात का? लावत असतील तर कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली?
- केंद्रात पिल्लं जन्माला येतात का? येत असतील तर ती मोठी झाल्यावर कुठे जातात?
- गेल्या वर्षी किती प्राणी आले, किती जंगलात परत गेले, किती मेले?
- संशोधनाचा सरकारी परवाना आहे का? गोळा केलेल्या नोंदी कोण वापरतं?
- स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत काम कोण करतं? गावातली किती माणसं पगारावर आहेत?
- मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण आहे का? मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना मेलेल्या प्राण्यांचा आकडा पाहून दचकू नका. तो मोकळेपणानं सांगणारी संस्था बहुधा भरवशाची असते. बचावकेंद्रात जखमी प्राणी येतात आणि त्यातले सगळे वाचत नाहीत. एकही मेला नाही असं सांगितलं, तर मात्र सावध व्हा. प्राण्यांची निवासकेंद्रं तपासून मान्यता देणारी ‘ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज’ ही संस्था आहे. तिची मान्यता असेल तर चांगलंच, पण नसलेल्या छोट्या संस्थाही प्रामाणिक असतात. त्यांच्याबाबतीत प्रश्न विचारायला आळस नको.

संस्थेच्या जाहिरातीतले फोटोही बारकाईनं पाहा. दर दुसऱ्या फोटोत स्वयंसेवक माकडाला किंवा ओरांगउटानला मिठी मारताना दिसत असेल, तर तिथे जाऊ नका. असे फोटो पाहून ही माणसाळणारी जनावरं आहेत असा समज होतो आणि पाळण्यासाठी पिल्लांना मागणी वाढते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या प्रायमेट (माकडं, वानर अशा प्राण्यांच्या) तज्ज्ञगटानं २०२१ मध्ये याच कारणानं, जबाबदारीनं फोटो कसे वापरावेत याची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

शेवटच्या प्रश्नाबद्दल आणखी थोडं. दूरच्या मुक्कामी अनोळखी मोठी माणसं आणि मुलं एकत्र राहतात. झोपायची जागा वेगळी आहे का, न्हाणीघराला कडी आहे का, एखादा कर्मचारी मुलाबरोबर एकटा राहण्याची वेळ येते का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात.

पैसे कुठे जातात?

‘काम आम्हीच करणार, मग पैसेही आम्हीच का द्यायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. जेवण, राहणं, वाहन, प्रशिक्षण आणि तुमच्या मागे फिरणाऱ्या माणसाचा वेळ यांचा खर्च असतो. शिवाय कितीतरी प्रकल्पांचा वर्षाचा गाडा या शुल्कावरच चालतो. शुल्कातला किती भाग प्रत्यक्ष कामाला जातो आणि मधल्या प्रवास कंपनीला किती, हे विचारा. उत्तर देता येत नसेल तर संस्थेशी थेट संपर्क साधता येतो का ते पाहा.

हिशेब करताना एक अवघड गोष्टही तपासावी. विमानाची चार तिकिटं आणि चौघांचं शुल्क यांत त्या प्रकल्पाला आणखी मोठी मदत झाली असती का? कधी कधी उत्तर ‘हो’ येतं. अशा वेळी पैसे पाठवावेत आणि कामासाठी जवळचा एखादा प्रकल्प शोधावा. जाणारच असाल तर दोन धावत्या सहलींऐवजी एक लांब मुक्काम करा. पहिले काही दिवस शिकण्यातच जातात आणि तोवर आपली मदत कमी, अडचण जास्त असते.

हंगाम

मुलांची सुट्टी आणि प्राण्यांचा हंगाम जुळायला हवा. तोर्तुगेरोला हिरवी कासवं प्रामुख्यानं जुलै ते ऑक्टोबरमध्ये अंडी घालायला येतात. त्याआधी, वसंतात, लेदरबॅक कासवं येतात, पण संख्येनं थोडी. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे कासवं येताना पाहायची की पिल्लं निघताना, यावर तारखा ठरतात. पाऊस, मलेरियाचा मोसम आणि गाड्या रुतण्याचे महिने यांची माहितीही संस्थेकडूनच घ्या.

कागदपत्रं

सगळ्यांच्या पासपोर्टांची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने उरलेली असावी. मुलांचा पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी वर्षांचा असतो, ते विसरलं जातं.

बिनपगारी स्वयंसेवासुद्धा काही देशांच्या कायद्यात ‘काम’ धरली जाते, म्हणून पर्यटक व्हिसावर ती चालते का हे विचारून घ्यायला हवं. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. इतर देशांचे नियम वेगळे. ‘विमानतळावर फक्त पर्यटक म्हणून सांगा’ असं एखादी संस्था सुचवत असेल, तर ती संस्था सोडा. मुलांसमोर खोटं बोलून संवर्धनाची सुरुवात करायची नाही.

मुलांबरोबर एकच पालक किंवा आजी-आजोबा जाणार असतील, तर न जाणाऱ्या पालकाचं साक्षांकित संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा. सीमेवर ते मागू शकतात.

लस, औषधं, विमा

निघण्याच्या दोन-तीन महिने आधी प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा आणि नुसत्या देशाचं नाव न सांगता नेमकं काम सांगा.

पीतज्वराची लस काही देशांत प्रवेशासाठी सक्तीची आहे. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. सस्तन प्राणी आसपास असणार असतील तर रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांशी बोलून आधीच घ्यावी, विशेषतः मुलांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजनं दगावणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुलं असतात. प्राणी चावल्याचं किंवा त्यानं ओरबाडल्याचं मुलं पुष्कळदा रागाच्या भीतीनं सांगत नाहीत. म्हणून निघण्याआधी शब्द द्या: कुत्र्या-माकडानं, वटवाघळानं काही केलं आणि लगेच सांगितलं, तर कोणीही रागावणार नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि आधी लस घेतली असली तरी दवाखाना गाठायचा.

मलेरियाच्या गोळ्यांचे प्रकार वेगवेगळे असतात. काही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात, तर काही आठवडे आधी. मुलांचा डोस वजनावर ठरतो. अगदी लहान मूल बरोबर असेल तर मलेरिया नसलेला भाग निवडणं सोपं. दक्षिण आफ्रिकेत मादिक्वे, पिलानेसबर्ग आणि ईस्टर्न केप भागातली अभयारण्यं तशी आहेत.

विमा घेताना ‘स्वयंसेवा’ आणि ‘अंगमेहनतीचं काम’ हे शब्द पॉलिसीत शोधा. साध्या प्रवास विम्यात ते बहुधा वगळलेले असतात. आडरानातून रुग्णालयापर्यंत विमानानं नेण्याचा खर्च विम्यात हवा. दुखापत मुलाला झाली तर सोबत जाणाऱ्या पालकाचा खर्चही त्यात आहे का, ते पाहा.

सामान

थोडं न्या. कपडे मळखाऊ, लांब बाह्यांचे, लवकर वाळणारे. पूर्व आफ्रिकेतल्या, चावणाऱ्या त्सेत्से माशीच्या भागात निळा आणि काळा रंग टाळा, माश्या त्याकडे ओढल्या जातात. झिंबाब्वे आणि झांबियात सामान्य माणसानं लष्करी छापाचे कपडे घालणं बेकायदा आहे. मुलांच्या टोप्या आणि अर्ध्या चड्ड्या नेमक्या तशाच असतात, तेव्हा बॅग भरताना बघा. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि टांझानियात २०१९ पासून पर्यटकांनाही त्या नेता येत नाहीत. प्रवाळांच्या कामाला जाणार असाल तर सनस्क्रीन तपासा. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशानं २०२० पासून प्रवाळांना घातक घटक असलेली सनस्क्रीनं बंद केली. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा सगळीकडे चालतो.

बूट हा स्वतंत्र विषय आहे. तळव्याच्या खाचांतली माती, मोज्यांत अडकलेली कुसळं आणि बॅगेच्या चेनमधल्या बिया यांतून परक्या वनस्पती आणि रोग जगभर फिरतात. बेडकांच्या कितीतरी जाती संपवणारी कायट्रिड बुरशीही ओल्या चिखलातून पसरते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मुलांना जुना दातब्रश देऊन बूट उलटे करून घासायला बसवा, मग ते कडक वाळवा. वेल्क्रोच्या पट्ट्यांतलं गवत चिमट्यानं काढा. गालापागोस, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला तर प्रवेशावर हे तपासलं जातं. माझ्या मते सहलीचं संवर्धनाचं पहिलं काम हेच आणि ते पूर्णपणे मुलांवर सोपवता येतं.

डोक्याला बांधायचा, लाल प्रकाशाची सोय असलेला टॉर्च, पेन्सिली, जलरोधक वही आणि मुलागणिक स्वस्तातली पण स्वतःची दुर्बीण न्या. एका दुर्बिणीवर दोन मुलं म्हणजे भांडण ठरलेलं.

तिथे गेल्यावर

कासवांच्या किनाऱ्यावरची रात्र कशी असते ते सांगते, म्हणजे अशा कामाची चाल लक्षात येईल. कपडे गडद, पांढरा दिवा नाही, मोबाइल खोलीवर. पुढे प्रशिक्षित माणूस आणि मागे सगळे एका रांगेत. बराच वेळ नुसतं वाळूत चालायचं. मग पुढचा माणूस थांबतो, कारण समुद्राकडून वर गेलेला रुंद, काळपट पट्टा दिसलेला असतो. सगळे खाली बसतात. मादी वर येताना आणि खड्डा खणताना सर्वांत बुजरी असते. प्रकाश किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच समुद्रात परत जाते. म्हणून एकटाच माणूस मागून जाऊन पाहतो. अंडी पडू लागली की ती बरीच शांत होते आणि तेव्हाच इतरांना बोलावलं जातं.

एकजण मोजू लागतो. हिरव्या कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. दुसरा कवचावर टेप धरून लांबी घेतो आणि पुन्हा मोजून खात्री करतो. पायावरच्या धातूच्या पट्टीचा क्रमांक हळू आवाजात वाचला जातो आणि मुलगा किंवा मुलगी तो पेन्सिलीनं लिहिते. पेन्सिल अशासाठी, की पावसात शाई पसरते. क्रमांक परत वाचून दाखवायचा. एक आकडा चुकला तर हे कासव वेगळंच ठरतं आणि पुढची सगळी वर्षं चुकतात. दहा-बारा वर्षांचं मूल ही जबाबदारी उत्तम पेलतं. अंडी हलवण्याचं काम मात्र त्याचं नाही. घातल्यानंतर काही तासांनी अंड्यातला गर्भ कवचाला चिकटतो आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो.

काही घरट्यांत तापमापक ठेवलेले असतात. कासवाचं नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं: साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून तापलेल्या वाळूत माद्या जास्त. पृथ्वी तापते म्हणजे काय होतं, ते मुलांना इथे एका आकड्यात दिसतं.

मुलांना मरण दिसेल, त्याचीही तयारी करा. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर जग्वार कासवं मारून खातात. ज्या कासवासाठी रात्र जागवली तेच सकाळी फाडलेलं सापडू शकतं. जग्वारला हाकलायचं नसतं, त्याचीही नोंदच घ्यायची असते. मूल रडलं तर रडू द्या. लगेच समजूत घालायची घाई नको. संध्याकाळी बोला.

रोजच्या क्रमात मोठ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुलांची झोप भरून काढायला दुपारची विश्रांती सक्तीची करा. आणि तुकडीच्या प्रमुखाचं म्हणणं अंतिम माना. मुलांसमोर त्याच्याशी वाद घालणारा पालक साऱ्या गटाची शिस्त बिघडवतो. गावातल्या माणसांची नावं शिका, त्यांच्या मुलांबरोबर तुमच्या मुलांना खेळू द्या. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

प्राण्यांचे फोटो टाकताना ठिकाणाची माहिती काढून टाका. गेंडा नेमका कुठे दिसला हे चोरट्या शिकाऱ्यांना फोटोवरून कळू शकतं. मोबाइलमधली स्थाननोंद मुलांच्या फोनवरही बंद करा.

परतल्यावर

बूट पुन्हा घासा. मलेरियाच्या गोळ्यांचा क्रम परतल्यावरही पूर्ण करायचा असतो. पुढच्या काही महिन्यांत कोणालाही ताप आला तर कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि रक्त तपासून घ्या. मलेरिया उशिरानं डोकं वर काढू शकतो.

काढलेले चांगले फोटो आणि नोंदी ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा (पक्ष्यांसाठी) ‘ईबर्ड’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर चढवा. दुर्मीळ प्राण्यांची नेमकी जागा लपवण्याची सोय तिथे आहे. प्रकल्पावर काही गैर दिसलं असेल, उदाहरणार्थ पाहुण्यांसाठी पिल्लं डांबून ठेवलेली, तर तारखेनिशी लिहून संस्थेला आणि तुम्हाला पाठवणाऱ्या कंपनीला कळवा. सगळं नीट झालं असेल तरीही पत्र लिहाच. मुलांना कोणती कामं जमली, कोणती जड गेली, किती तास झेपले, जेवणाचं काय झालं, हे मुलांकडूनच लिहून घ्या. कुटुंबांच्या तुकड्या आखणाऱ्यांना अशी माहिती क्वचितच मिळते आणि पुढच्या तुकडीतल्या मुलांना कोणतं काम द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.